पूर्ण बरा होत नाही, मग पुढे काय?

लातूरच्या 'ट्यूशन एरिया'तील किंवा नांदेडच्या एखाद्या क्लासमधील बारावीच्या विद्यार्थ्याला थांबवून विचारा : गनोरिया, क्लॅमिडिया, जननांगावरील चामखिळी आणि जननांगाचा हर्पीस यांपैकी पूर्ण बरा न होणारा रोग कोणता? प्रश्न पुरा व्हायच्या आत 'हर्पीस' असे उत्तर येईल. २०१९ सालच्या 'नीट' परीक्षेत हा प्रश्न विचारला गेला होता आणि सराव-प्रश्नसंचांतून त्याची उजळणी चालूच असते. चार गुण पक्के! आता त्याच विद्यार्थ्याला दुसरा प्रश्न विचारा : पती-पत्नींपैकी एकाला हा रोग आहे, दुसऱ्याला तो होऊ नये म्हणून काय करता येईल? बहुधा याचे उत्तर मिळणार नाही. हा दुसरा प्रश्न कोणत्याही प्रश्नसंचात नसतो.

या लेखाचे निमित्त मात्र परीक्षा नाही. नांदेडला जीवशास्त्राच्या काही शिक्षकांशी बोलत असताना एका शिक्षिकेने एक अनुभव सांगितला. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या एका मुलीच्या आईला गावी नागीण झाली होती. क्लासमध्ये फळ्यावर 'हर्पीस म्हणजे नागीण' असे लिहिले गेले आणि त्याखाली दोन मुद्दे : लैंगिक संपर्कातून पसरतो, पूर्ण बरा होत नाही. मुलीने ते वहीत उतरवून घेतले आणि त्यानंतर कित्येक आठवडे ती घरी फिरकली नाही, आईशी धड बोललीही नाही. शिक्षिकेने आम्हाला विचारले, "मी तिला काय सांगायला हवं होतं?" नागीण वेगळी आणि हा रोग वेगळा, असे आम्ही लगेच सांगितले. त्यावर त्यांनी विचारले, "ते कळलं. पण तिच्या आईला खरोखरच तो दुसरा हर्पीस असता, तर?"

विषाणूंवर काम करण्यात आमची बरीच वर्षे गेली आहेत, तरीही त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर तोकडे होते. ते नीट द्यायचे तर आधी पाठ्यपुस्तकातील त्या एका विधानाकडे चिकित्सक दृष्टीने पाहावे लागेल.

नावाचा घोळ

'हर्पीस' हा शब्द सरपटणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. आपल्याकडची 'नागीण' त्याच कल्पनेतून आलेली दिसते. परंतु हर्पीस हे विषाणूंच्या एका मोठ्या कुळाचे नाव आहे. आपण जिला नागीण म्हणतो ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यावर तो विषाणू मज्जारज्जूजवळच्या चेतापेशींत दडून राहतो आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर एखाद्या चेतातंतूच्या वाटेने त्वचेवर उतरतो. म्हणून नागिणीचा पट्टा अंगाच्या एकाच बाजूला उठतो. तिची दोन्ही टोके जुळली की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे. नागीण लैंगिक संबंधातून पसरत नाही. मात्र ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि ज्याने लसही घेतलेली नाही, त्याला नागिणीच्या फोडांतील द्रवाच्या संपर्काने कांजिण्या होऊ शकतात.

दुसरा हर्पीस म्हणजे हर्पीस सिम्प्लेक्स. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारामुळे मुख्यतः ओठाच्या कडेला बारीक फोडांचा झुबका उठतो. दुसरा प्रकार मुख्यतः जननांगांवर आढळतो. ही वाटणी काटेकोर नाही. तोंडाच्या संपर्कातून पहिला प्रकारही जननांगावर पोहोचू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालासाठीच्या अंदाजानुसार जगातील ५० वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांना पहिल्या प्रकाराची आणि १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५२ कोटी लोकांना दुसऱ्या प्रकाराची लागण झालेली होती. दुसऱ्या प्रकाराचे हे प्रमाण आठ माणसांमागे जवळजवळ एक असे पडते. यांतील बहुतेकांना आपल्याला लागण झाली आहे याचा पत्ताही नसतो, कारण लक्षणे दिसतच नाहीत किंवा फार किरकोळ असतात.

पुस्तक काय सांगते?

एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्रात प्रजनन आरोग्यावर एक प्रकरण आहे आणि 'नीट'ची तयारी याच पुस्तकावर होते. या रोगांवर त्यात थोडाच मजकूर आहे. हिपॅटायटिस-बी, जननांगाचा हर्पीस आणि एचआयव्ही सोडले तर बाकीचे रोग वेळीच ओळखून नीट उपचार केल्यास पूर्ण बरे होतात, असे त्यात म्हटले आहे. बचावासाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत : अनोळखी किंवा अनेक व्यक्तींशी संबंध टाळावा, निरोध वापरावा आणि शंका आल्यास पात्र डॉक्टरकडे जावे.

पुस्तकाचे श्रेय नाकारता कामा नये. २००७ साली किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाला महाराष्ट्रासह अनेक राज्यांत विरोध झाला. ज्या देशात हे घडले, तेथे लाखो सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती या रोगांची नावे स्पष्ट छापलेले पुस्तक जाते, ही गोष्ट लहान नाही. तिन्ही सूचनाही बरोबर आहेत. आमचा आक्षेप पुस्तक जिथे थांबते त्याबद्दल आहे.

पहिला आक्षेप विधानाच्या अचूकतेवर. ज्या तिघांना वगळले ते तिन्ही विषाणूजन्य रोग आहेत, हे खरे. पण जननांगावरील चामखिळीही विषाणूजन्यच आहेत. त्या काढता येतात; त्यांच्या मुळाशी असलेल्या विषाणूला मारणारे औषध मात्र नाही. बहुतेकांचे शरीरच कालांतराने त्याला आवरते. म्हणजे 'पूर्ण बरा होणारा' आणि 'न होणारा' अशी सरळ रेघ ओढता येत नाही. परीक्षेच्या प्रश्नात ती ओढावी लागते, एवढेच. शिवाय हिपॅटायटिस-बीला प्रतिबंध करणारी लस आपल्या राष्ट्रीय लसीकरणात आहे. म्हणजे जो रोग उपचाराने पूर्ण जात नाही तो टाळता मात्र उत्तम येतो, याचे उदाहरण त्याच वाक्यात दडलेले आहे.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. तिन्ही सूचना ज्याला रोग नाही त्याला उद्देशून आहेत. ज्याला तो आहे आणि ज्याचा एकच जोडीदार आहे, त्याच्यासाठी तेथे काहीच नाही. 'अनेकांशी संबंध टाळा' हे त्या घरातल्या पती-पत्नींना सांगून काय उपयोग? 'बरा होत नाही' या शब्दांपाशी धडा संपतो आणि वाचणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ 'आता काही करता येत नाही' असा होतो. एका विधानावरून दुसरे निघत नाही. बरा न होणे हा एका शरीराचा प्रश्न आहे आणि पसरणे हा दोन शरीरांमधला. दोन्हींची उत्तरे वेगळी आहेत.

बरा का होत नाही?

हे समजावून सांगणे शिक्षकाला अवघड नाही. हर्पीस सिम्प्लेक्स विषाणू श्लेष्मल त्वचेतून किंवा नाजूक, खरचटलेल्या त्वचेतून आत शिरतो. तेथे वाढताना तो जवळच्या चेतातंतूच्या टोकाला गाठतो आणि तंतूतून वर चढत चेतापेशीच्या केंद्रकापर्यंत जातो. ओठावरचा विषाणू कानाजवळच्या चेतागंडात आणि जननांगावरचा माकडहाडाच्या वरच्या भागातील चेतागंडांत ठाण मांडतो. तेथे त्याचा डीएनए शांतपणे पडून राहतो. तो प्रथिने जवळजवळ बनवीतच नाही, त्यामुळे प्रतिकारयंत्रणेला ओळखण्यासारखे काही हाती लागत नाही.

ॲसायक्लोव्हिर हे औषध विषाणूच्या डीएनएची नक्कल चालू असतानाच काम करते. विषाणूचेच एक विकर या औषधाला कार्यक्षम बनवते, म्हणून निरोगी पेशींना त्याची झळ फारशी लागत नाही. औषधे अशी विचारपूर्वक घडवण्याच्या कामासाठी गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. परंतु झोपलेल्या विषाणूत नक्कलच चालू नसते, तेव्हा औषधाला पकडायला काही नसते. म्हणून रोग समूळ जात नाही. पण विषाणू जागा होऊन त्वचेकडे निघाला की हेच औषध त्याला अडवते. बरा न होण्याचे आणि प्रसार कमी करता येण्याचे कारण असे एकाच यंत्रणेत आहे.

धोका किती, आणि कमी कशाने होतो?

पहिली गोष्ट : फोड आलेले असताना, किंवा फोड येण्याआधी होणारी चुणचुण आणि आग जाणवू लागल्यापासून जखमा पूर्ण भरेपर्यंत शरीरसंबंध टाळणे. या काळात निरोधावरही भरवसा ठेवू नये. एवढे केले की झाले, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जननांगावरील दुसऱ्या प्रकाराची लागण असलेल्यांचे नमुने दररोज तपासले गेले. ज्यांना लक्षणे होती त्यांच्यात सुमारे २० टक्के दिवशी आणि ज्यांना लक्षणे कधीच जाणवली नव्हती त्यांच्यातही सुमारे १० टक्के दिवशी विषाणू सापडला. म्हणजे त्वचा स्वच्छ दिसत असतानाही विषाणू बाहेर पडत असतो आणि बऱ्याचशा लागणी अशाच दिवशी होतात.

दुसरी गोष्ट : निरोध. सहा अभ्यासांतील पाच हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करून २००९ साली केलेल्या विश्लेषणात, नेहमी निरोध वापरणाऱ्यांना दुसऱ्या प्रकाराची लागण होण्याचा धोका कधीच न वापरणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. एवढाच का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील आणि त्यांनी तो विचारावा. हा विषाणू त्वचेच्या संपर्काने पसरतो आणि निरोध सगळी त्वचा झाकत नाही, हे त्याचे उत्तर. पण 'शंभर टक्के नाही' म्हणजे 'निरुपयोगी' नव्हे.

तिसरी गोष्ट : रोजचे औषध. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १,४८४ जोडपी होती. प्रत्येक जोडप्यात एकाला दुसऱ्या प्रकाराची लागण होती, दुसऱ्याला नव्हती. निरोध वापरण्याचा सल्ला सर्वांनाच दिला होता. लागण असलेल्यांपैकी निम्म्यांना ५०० मिलिग्रॅम व्हॅलॅसायक्लोव्हिर रोज एकदा दिले. हे शरीरात ॲसायक्लोव्हिरमध्येच रूपांतरित होते. उरलेल्यांना औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी दिली. आठ महिन्यांत औषध नसलेल्या ७४१ जोडप्यांपैकी २७ जणांना लागण झाली. औषध असलेल्या ७४३ पैकी १४ जणांना. म्हणजे ३.६ टक्क्यांवरून १.९ टक्के : जवळजवळ निम्म्यावर.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती वर्गात आवर्जून दाखवावी. औषध नसलेल्या गटातही आठ महिन्यांत शंभरांपैकी ९६ जोडीदार लागणीवाचून राहिले. एकत्र राहिले की रोग होणारच, ही भीती चुकीची आहे. मात्र धोका शून्य नाही आणि वर्षे जातील तसा तो साठत जातो. स्त्रीला पुरुषाकडून लागण होण्याचा धोका उलट दिशेपेक्षा अधिक असतो. या प्रयोगाच्या मर्यादाही सांगाव्यात : यातील जोडपी स्त्री-पुरुषांची होती, लागण असलेल्यांची प्रतिकारशक्ती ठीक होती आणि त्यांना वारंवार फोड येत नव्हते. ज्यांना एचआयव्हीचीही लागण आहे, त्यांच्या बाबतीत ॲसायक्लोव्हिर देऊन केलेल्या दुसऱ्या अभ्यासात हर्पीसचा प्रसार कमी झालेला दिसला नाही. त्यामुळे रोज औषध घ्यायचे की नाही, हे डॉक्टरशी बोलूनच ठरवायचे असते.

लस अजून नाही. तिचे प्रयत्न अनेक झाले आणि आजवरचे मोठे प्रयत्न अयशस्वी ठरले.

चौथी गोष्ट गर्भारपणाची. आईला जुनी लागण असेल तर बाळंतपणात बाळाला रोग होण्याचा धोका एक टक्क्याहूनही कमी असतो, कारण आईची प्रतिपिंडे बाळापर्यंत पोहोचलेली असतात. पण शेवटच्या महिन्यांत आईला पहिल्यांदाच लागण झाली, तर हा धोका ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि नवजात बाळाला तो जीवघेणा ठरू शकतो. म्हणून पतीला हा रोग असेल व पत्नीला नसेल, तर शेवटचे तीन महिने संबंध टाळण्याचा सल्ला दिला जातो. हे पाळायचे तर पत्नीला पतीचा रोग ठाऊक असावा लागतो.

लपवण्याची किंमत

येथे आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. वरच्या चारही गोष्टी एका अटीवर उभ्या आहेत : सांगणे. नुकतीच लागण झालेल्या व्यक्तींचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना जोडीदाराने आपला रोग आधी सांगितला होता, त्यांना लागण होण्यास लागलेल्या काळाचा मध्यक २७० दिवस होता. ज्यांना सांगितले नव्हते, त्यांच्यात तो ६० दिवस. कोणतीही गोळी न घेता, केवळ बोलण्याने इतका फरक पडला. कारण सरळ आहे : ज्याला माहीत असते तो काळजी घेऊ शकतो.

आता पाठ्यपुस्तकातील ते विधान पुन्हा पाहा. 'लैंगिक' आणि 'कायमचा' हे दोनच शब्द लक्षात ठेवून जो विद्यार्थी पुढे जातो, तो उद्या स्वतःला हा रोग झाला तर बोलेल की लपवेल? अर्धे ज्ञान येथे केवळ अपुरे नाही, ते घातक आहे. ते लाज वाढवते, लाज तोंड बंद करते आणि तोंड बंद झाले की उरलेले सगळे उपाय बंद होतात. जननांगावरील हर्पीसमुळे एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे तिपटीने वाढतो, हे लक्षात घेतले तर लपवण्याची किंमत आणखी चढते.

मराठीला हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले आणि रोगाला पाप न मानता रोगच मानावे, असे सतत सांगितले. त्यासाठी त्यांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. कर्व्यांच्या काळी ॲसायक्लोव्हिर नव्हते. आज ते आहे, आणि तरी आपल्या पाठ्यपुस्तकात तोच विषय एका ओळीत आटोपतो.

तपासणीच्या बाबतीतही अर्धे ज्ञान त्रास देते. गर्भपात झालेल्या स्त्रियांना पुष्कळदा 'टॉर्च' नावाची रक्ततपासणी सांगितली जाते. तिच्यात हर्पीसही असतो. यातील 'आयजीएम' ही चाचणी दोन प्रकारांत नीट फरक करीत नाही आणि लागण नवी की जुनी, हेही खात्रीने सांगत नाही. केवळ तिच्या आधारे कोणाच्या चारित्र्यावर शंका घेणे अशास्त्रीय आहे. चाचणी होकारार्थी आली म्हणजे अलीकडे कोणाकडून तरी लागण झाली, असेही ठरत नाही. विषाणू वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो. संसार मोडण्याआधी हे एक वाक्य कोणीतरी सांगायला हवे असते.

शिक्षकाने काय करावे?

पुस्तक आपण बदलू शकत नाही. वर्गातील दहा मिनिटे बदलू शकतो. त्या विधानाखाली आम्ही असे लिहवून घेऊ : 'जननांगाचा हर्पीस शरीरातून समूळ जात नाही, कारण विषाणू चेतापेशीत सुप्त राहतो. परंतु जोडीदाराला सांगणे, फोड असताना संबंध टाळणे, निरोध आणि डॉक्टरच्या सल्ल्याने रोजचे औषध यांनी तो पसरण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. नागीण हा वेगळा रोग आहे.' त्यानंतर तीन प्रश्न द्यावेत. सुप्त विषाणूवर औषध का चालत नाही? २७ आणि १४ या आकड्यांवरून धोका किती टक्क्यांनी घटला? त्वचा स्वच्छ असतानाही काळजी का घ्यावी? तिन्ही प्रश्न जीवशास्त्राचे आणि गणिताचे आहेत. संकोच वाटण्यासारखे त्यांत काही नाही.

कुठे जावे, हेही सांगावे. शासकीय रुग्णालयांत या रोगांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतात आणि तेथे सल्ला व उपचार मोफत मिळतात. लक्षणांवरून उपचार करण्याच्या राष्ट्रीय पद्धतीत रंगांनुसार औषधांची किट ठरवली गेली, त्यांत हर्पीसच्या फोडांसाठी लाल किट आहे. १०९७ या मोफत दूरध्वनी क्रमांकावर नाव न सांगता विचारता येते. मात्र लाल किट त्या वेळच्या फोडांपुरते असते. जोडीदाराच्या बचावाचे बोलणे रुग्णाने स्वतः काढावे लागते. ते कसे काढायचे, हे त्याला कोणीतरी आधी शिकवलेले असले पाहिजे.

लातूर-नांदेडच्या वर्गांत बसलेल्या या मुलामुलींपैकी कित्येक जण काही वर्षांनी याच दोन शहरांतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आणि नंतर बाह्यरुग्ण विभागांत बसतील. समोर मान खाली घातलेला एखादा रुग्ण येईल. त्या वेळी त्यांना २०१९ च्या प्रश्नाचे उत्तर आठवून भागणार नाही.

आणि ती मुलगी? तिच्या आईला नागीणच होती. शिक्षिकेने तिला तसे सांगितले आणि ती घरी जाऊन आली. पण तो दुसरा हर्पीस असता, तरी तिने घरी जायलाच हवे होते. आईच्या ताटात जेवल्याने किंवा तिच्या शेजारी झोपल्याने जननांगाचा हर्पीस होत नाही. आईच्या सेवेत खंड पडावा असे त्या रोगात काही नाही. शिक्षिकेच्या दुसऱ्या प्रश्नाचे आमचे उत्तर हे आहे. ते त्याच दिवशी द्यायला हवे होते.